जुन्या जीपची निगा आणि शंभरपानी वही

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील भातपट्ट्यात, मावळ, मुळशी, भोर या बाजूंस, पुष्कळ घरांच्या अंगणात गोठ्याला लागून एक जुनी जीप उभी असलेली दिसते. ती शोभेकरिता ठेवलेली नसते. पहाटे दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोचवावयाचे असतात, लावणीच्या दिवसांत माणसे आणि रोपे खाचरापर्यंत न्यावयाची असतात, आणि रात्री-अपरात्री कोणी आजारी पडल्यास तालुक्याच्या गावचा दवाखाना गाठावयाचा असतो. जेथे डांबरी रस्ता संपतो व चिखलाची वाट सुरू होते, तेथून पुढे नव्या चकचकीत मोटारीचा उपयोग होत नाही. तेथे चारही चाकांना ओढ असलेली ही जुनी गाडीच कामास येते.

जीपचा आणि खेड्याचा संबंध जुना आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच मुंबईत विलीज जीपची जुळणी होऊ लागली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेस प्रारंभ झाला आणि पुढील काही वर्षांत दारातील जीप हीच विकास गटाच्या कार्यालयाची खूण ठरली. सरकारी कामातून उतरलेल्या कित्येक गाड्या पुढे लिलावाच्या वाटेने शेतकऱ्यांच्या अंगणात आल्या. त्यांतील अगदी जुन्या गाड्यांना पेट्रोलचे इंजिन असे. १९८० नंतरच्या दशकातील बऱ्याच गाड्यांत प्यूजोच्या परवान्याने बनविलेले २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आहे. रचना उघडी व सरळ. बॉनेट वर केले की प्रत्येक भाग डोळ्यांस दिसतो आणि बहुतेक भागांपर्यंत हात पोचतो. एवढ्याचसाठी ही गाडी घरी सांभाळता येते आणि एवढ्याचसाठी ती घरी बिघडवताही येते.

अशा गाडीविषयी गावात सामान्यतः दोन मते ऐकू येतात. काहींच्या मते वीस-पंचवीस वर्षांची गाडी भंगारात घालावी. तिच्यावर खर्च करणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, गाडी चालते आहे तोवर तिला हात लावू नये, बंद पडली म्हणजे मिस्त्रीस बोलवावे. ही दोन्ही मते एकाच चुकीतून निघालेली आहेत. गाडीची निगा आणि गाडीची दुरुस्ती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. दुरुस्ती मिस्त्रीची असेल. निगा ही मालकाचीच आहे, आणि ती दुसऱ्या कोणाकडून होणे शक्य नाही. बैलगाडीच्या काळात आसाला वंगण घातल्यावाचून गाडी जुंपली जात नसे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी आजही श्रद्धेने होते. त्याच घरी दसऱ्यास जीपला झेंडूची माळ पडते, नारळ फुटतो, आणि तिच्या पाट्यांच्या शॅकलमध्ये वर्षभर ग्रीसचा कण गेलेला नसतो.

परंतु केवळ उत्साहाने निगा होत नाही. याविषयी वर सांगितलेल्या पट्ट्यातीलच एका घराचा अनुभव सर्वांनी ऐकण्यासारखा आहे. घरात तीन पिढ्या. जीप लिलावात घेतलेली. थोरला मुलगा हाताचा चांगला कसबी. सुगीच्या दिवसांत मागच्या डाव्या चाकाचे ब्रेक ऑइल गळू लागले. भाताची वाहतूक थांबवणे परवडणारे नव्हते. मुलाने त्या चाकाकडे जाणारी पत्र्याची नळी घडी घालून, ठोकून बंद केली व उरलेल्या तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी चालू ठेवली. आठ दिवसांत नवे सामान आणून काम पुरे करावयाचे असे ठरले होते. मळणी झाली, लग्नसराई आली, गाडी थांबत होती. म्हणून काम राहून गेले. जूनमधील एका सकाळी उतारावर, पावसात, पुढे आलेल्या वासरासाठी ब्रेक जोराने दाबला गेला आणि ती ठोकलेली घडी फुटली. जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच मार्गाने जाते. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. हातब्रेक ओढला, पण त्याच्या ड्रममध्ये गिअरच्या बाजूचे तेल झिरपून तोही निसटू लागलेला होता. गाडी बांधावर चढून उलटली. दुधाचे नुकसान भरून आले. मागे बसलेल्या आजोबांच्या खांद्याचे हाड मोडले, ते पुरतेपणी कधीच सांधले नाही.

या घटनेत मुलाचे कौशल्य कमी पडले असे म्हणता येणार नाही. अडचणीच्या वेळी नळी बंद करून घर गाठणे, हे एकवेळ समजू शकते. तात्पुरता उपाय तात्पुरता होता याचा विसर पडला, तेथे खरा अपघात झाला. जुन्या गाडीवर घरी काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हे होते. फाटलेल्या होज पाइपला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली जाते, सायलेन्सर तारेने बांधला जातो, जळलेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी घातली जाते. काम भागते, आणि भागलेल्या कामाची आठवण कोण ठेवतो? पुढे पाच-सहा तात्पुरते उपाय एकाच गाडीत एकत्र नांदू लागतात व त्यांतील कोणता केव्हा दगा देईल हे खुद्द मालकासही सांगता येत नाही.

त्या घरी आता एक शंभरपानी वही आहे. तिची रीत इतकी साधी आहे की, ती कोणत्याही घरात चालू शकेल. डाव्या पानावर तारीख, किलोमीटर, केलेले काम, घातलेला भाग आणि काम कोणी केले ते लिहावयाचे. उजवे पान फक्त तात्पुरत्या कामांसाठी आणि तेथे लाल शाई. पक्के काम होईपर्यंत लाल ओळ खोडावयाची नाही. जुन्या जीपचे किलोमीटरचे यंत्र बहुधा बंदच असते; तेव्हा किलोमीटरऐवजी भरलेल्या डिझेलचे लिटर लिहिले तरी हिशेब लागतो. दुधाच्या डेअरीचा हिशेब रोज पाहणाऱ्या घरास ही वही जड वाटण्याचे कारण नाही.

आता वहीच्या डाव्या पानावर जी कामे वारंवार यावयास हवीत, त्यांविषयी.

धूळ हा इंजिनाचा पहिला शत्रू. जुन्या जीपच्या हवेच्या गाळणीत तेल असते; आत येणारी हवा त्या तेलावरून जाते आणि धूळ तेलात राहते. मार्च ते मे या महिन्यांत कच्च्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीच्या या भांड्यात तळाशी चिखल साचलेला आढळेल. भांडे उतरवून, डिझेलने धुऊन, पुसून, खुणेपर्यंत स्वच्छ इंजिन ऑइल भरावे. खुणेच्या वर मात्र एक बोटही भरू नये. डिझेल इंजिन जादा तेल आत ओढून घेऊ शकते आणि ते तेल इंधनासारखे जळून इंजिन आवरेनासे होते. गाळणी काढून ठेवून ‘इंजिन मोकळा श्वास घेते’ असे समजणारे काही महाभाग आहेत. त्यांनी पिस्टन आणि रिंगा बदलण्यासाठी पैसे बाजूस काढून ठेवावेत हे बरे.

इंजिन ऑइल रोज सकाळी, गाडी सपाटीवर असताना व इंजिन थंड असताना, पट्टीवर पाहावे. डिझेल इंजिनाचे तेल थोड्याच दिवसांत काळे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. तेल ताकासारखे पांढुरके दिसल्यास मात्र त्यात पाणी मिसळले आहे असे समजून गाडी जागची हलवू नये. हीच परीक्षा मागच्या-पुढच्या डिफरन्शियलच्या तेलासही लागू आहे. ओढ्यातून गाडी नेली की तापलेला आस एकदम थंड होतो, आतील हवा आकसते आणि सील झिजलेले असले तर पाणी आत ओढले जाते. आसावर हवेसाठी एक लहानसे छिद्र असलेला ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला की हवेला दुसरी वाटच राहत नाही. पाणी सीलमधून आत येते आणि पुढे दाब वाढून तेलही त्याच सीलमधून बाहेर पडते. लोक दर वर्षी सील बदलतात आणि त्या ब्रीदरवरचा चिखल मात्र तसाच राहतो! ओढा ओलांडल्यावर ब्रेकही ओले झालेले असतात. पाच-सहा वेळा हलकेच दाबून ते कोरडे करावेत, मगच वेग घ्यावा.

पाण्याविषयी भातपट्ट्यातील शेतकरी निष्काळजी असतो, कारण पाणी विपुल असते. बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये घातल्यास आतून तोच थर धरतो जो घरच्या पाणी तापवण्याच्या हंड्यात धरतो, आणि मग घाटाच्या चढावर इंजिन तापते. योग्य प्रमाणात कूलंट घातलेले शुद्ध पाणी वापरावे. ते न मिळाल्यास स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा केव्हाही बरे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडून तोंड भाजून घेतलेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. झाकण हाताला थंड लागेपर्यंत थांबण्यास लागणारा वेळ वाया जात नाही.

ग्रीस हे स्वस्तातले काम आणि म्हणूनच दुर्लक्षिलेले. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांचे शॅकल, स्टिअरिंगचे सांधे येथील निपलमध्ये ग्रीसगनने जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. त्याआधी निपल कापडाने पुसावे, नाहीतर बाहेरचा चिखल आपणच आत ढकलतो. पावसाळ्यात रोज चिखलपाण्यात जाणाऱ्या गाडीस हे काम आठवड्यास एकदा केले तरी अधिक होणार नाही. पुढच्या चाकांची ओढ फक्त चिखलात व निसरड्या जागी जोडावी. डांबरी रस्त्यावर ती जोडून गाडी वळविल्यास पुढच्या व मागच्या आसांत पीळ बसतो व दाते तुटतात. उलट ती वर्षानुवर्षे न वापरल्यास दांडाच अडकून बसतो. महिन्यातून एकदा ओल्या शेतात चार पावले ती चालवून पाहावी.

शेतकऱ्याच्या जीपचा एक रोग शहरातील जीपला होत नाही, आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. तो म्हणजे खतांचा. युरिया, पोटॅश, मिश्रखते यांची पोती वाहताना सांडलेले दाणे फळीखाली, पत्र्याच्या सांध्यांत आणि चेसीच्या पोकळीत जाऊन बसतात. हे क्षार हवेतील ओल शोषून घेतात व पत्रा आतून खाऊ लागतात. वरून रंग शाबूत असतो. एक दिवस पाय ठेवताच तळ खाली जातो. खताची खेप झाली की त्याच दिवशी झाडू व नंतर भरपूर पाणी, हा नियम करावा. चेसीला पाणी निथळण्यासाठी ठेवलेली छिद्रे तारेने मोकळी करावीत. जेथे चेसीला पाटे बांधलेले असतात तेथे हातोडीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत नाद येत नसेल तर चेसी आत पोखरली आहे, आणि अशा गाडीविषयी पुढे वेगळा विचार करावा लागतो. कीटकनाशकांचे डबे ज्या फळीवर ठेवले तीच फळी धुतल्यावाचून त्यावर मुले बसवू नयेत, हे येथे सहजच सांगावेसे वाटते.

गाडीखाली शिरण्यापूर्वी एक गोष्ट प्रत्येकाने समजून घेतली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानाने माणसे गाडीखाली सापडतात. बऱ्याच जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. तो शाफ्टला धरतो, चाकांना नव्हे. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलट फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक सरळ. म्हणजे हातब्रेक पुरता ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घरंगळते. गिअरात टाकून ठेवली तरी तोच प्रकार. मागचा शाफ्ट सोडल्यावर तर हातब्रेक मुळीच नसल्यासारखा असतो. यास्तव जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावाव्यात, गाडी सपाट व घट्ट जागी घ्यावी, आणि केवळ जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये. चेसीखाली जाड लाकडी ठोकळ्यांची मांडणी किंवा पक्के लोखंडी स्टँड द्यावे. विटा व सिमेंटचे पोकळ ठोकळे या कामी मुळीच वापरू नयेत. ते पूर्वसूचना न देता फुटतात. घरी एकटे असताना गाडीखाली जाऊ नये.

घरी काय करू नये याचीही मर्यादा स्पष्ट हवी. डिझेलच्या टाकीतील व गाळणीतील पाणी काढणे, गाळणी बदलणे आणि नंतर हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढणे ही घरची कामे होत. डिझेल पंप व नोझल ही घरची कामे नव्हेत. त्यांना तपासणीचे यंत्र लागते. चालू इंजिनावर नोझलच्या नळीची गळती बोटाने चाचपू नये. तो फवारा कातडी भेदून आत जातो, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि बोट गमवावे लागू शकते. ब्रेक ऑइलची पातळी पाहणे व चाकाच्या आतील बाजूस ओल दिसते काय हे तपासणे घरी करावे. पातळी पुनःपुन्हा उतरत असल्यास वरून ओतत न बसता गळती शोधून घ्यावी. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. त्याऐवजी इंजिन ऑइल वा इतर खनिज तेल थेंबभरही घालू नये, कारण त्याने आतील रबरी कप फुगतात. ब्रेकचे सिलिंडर व नळ्या मात्र जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्याव्यात. स्टिअरिंगच्या कोणत्याही दांड्यास वेल्डिंग लावू नये, मिस्त्री तयार असला तरीही लावू देऊ नये.

आजची तरुण मुले मोबाईलवरील चित्रफिती पाहून पुष्कळ कामे शिकतात आणि ते चांगलेच आहे. एखादा भाग कसा खोलावा हे चित्रफितीत उत्तम कळते. आवाज ऐकून बेअरिंग गेले की क्रॉस, हे तिच्यात कळत नाही. त्यासाठी जुन्या मिस्त्रीच्या शेजारी बसावे लागते. असे मिस्त्री आता गावोगावी उरलेले नाहीत. नवी गॅरेजे नव्या गाड्यांची, आणि जुन्या जीपचा कप किंवा सील मागितला की दुकानदार कोणत्याही गाडीचा तसाच दिसणारा भाग पुढे करतो. जुना भाग बरोबर नेऊन माप जुळवून पाहिल्याशिवाय नवा घेऊ नये. जे जाणते मिस्त्री अद्याप हात चालवीत आहेत त्यांच्याकडे मुलांनी चार रविवार जावे. त्यात मिस्त्रीचा मान आहे आणि मुलाचाही लाभ आहे.

काढलेले जळके तेल बांधावर किंवा ओढ्याकाठी ओतण्याची सवय मात्र निंद्य होय. ते खाचरात व विहिरीत उतरते. जनावरांच्या जखमांना किंवा शिंगांना ते लावण्याचा रिवाजही सोडून द्यावा. बंद डब्यात साठवून, जुने तेल रीतसर घेणाऱ्या परवानाधारकाकडे जाईल अशा गॅरेजात ते द्यावे.

गाडी किती दिवस ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर वर्षांत देता येत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी होऊन ५-५ वर्षांसाठी नवी होते. ही तपासणी पुष्कळांना कटकट वाटते व मध्यस्थामार्फत ती उरकली जाते. प्रत्यक्षात पाच वर्षांतून एकदा परक्या माणसाच्या नजरेखालून गाडी जाणे मालकाच्या हिताचेच आहे. इंजिन पुन्हा बांधता येते, गिअर बदलता येतात. चेसी पोखरलेली असेल तर मात्र ममता आवरून गाडी काढून टाकावी. तिच्यावर पट्ट्या मारून ती दुसऱ्या शेतकऱ्यास विकणे हे पाप आहे, आणि ते गावोगाव घडते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयाकडे पाहण्यासारखे आहे. पंप, फवारणी यंत्र, ट्रॅक्टर यांच्या निगेची प्रात्यक्षिके होतात. त्यांत जुनी जीप बसत नाही, कारण ती कोणत्याही योजनेत येत नाही. वास्तविक तेलाची गाळणी, डिझेलमधील पाणी, ग्रीस, जॅक यांविषयी जे जीपला लागू तेच थोड्याफार फरकाने जुन्या ट्रॅक्टरलाही लागू आहे. मे महिन्यात, पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी, एखाद्या शेतीशाळेचा एक तास अंगणातील उभ्या गाडीपाशी घेतला, तर खर्च एका ग्रीसच्या डब्याचा येईल. त्या तासाला घरातील स्त्रियांनाही बोलवावे. दुधाचे कॅन चढविताना चाकाशेजारी पडलेला तेलाचा डाग प्रथम त्यांनाच दिसतो.

ज्या घराची हकीकत वर सांगितली, तेथील वहीत यंदा मृगापूर्वी दोन लाल ओळी उरल्या होत्या. एक डाव्या वायपरची, तो सुतळीने बांधलेला होता. दुसरी मागच्या दिव्याची, त्याची तार उंदरांनी कुरतडली होती. मुलाने वायपर त्याच आठवड्यात बसविला. दिव्याची तार बदलेपर्यंत आजोबांनी संध्याकाळनंतर किल्ली आपल्या उशाशी ठेवली.